तपासायचं होतं सासूबाईंना

माझ्या सासूबाई मिश्री लावतात. चिपळूणजवळच्या एका गावातून लग्न होऊन त्या डोंबिवलीत आल्या, त्याला आता पन्नास वर्षं होतील. तव्यावर तंबाखू करपेपर्यंत भाजायची, तिची काळी पूड करून डबीत भरायची आणि सकाळ-संध्याकाळ दातांना घासायची, ही सवय त्या माहेरूनच घेऊन आल्या. मी एका शाळेत ग्रंथपाल आहे. तंबाखूविरोधी पोस्टर शाळेच्या भिंतीवर मी स्वतः लावलेलं, आणि घरी आले की तोच वास. त्यावरून मी त्यांना कितीदा बोलले असेन. त्या ऐकून घ्यायच्या, करायचं ते करायच्या.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी आरोग्य केंद्राच्या आशा सेविका, आमच्या आशाताई, घरी आल्या. आमच्या भागातल्या घराघरांतून तिशीपुढच्या सगळ्यांची माहिती त्या लिहून घेत होत्या. वय काय, तंबाखू खाता का, घरात कोणाला काही आजार. शनिवारी पालिकेच्या आरोग्य केंद्रात तपासणी आहे, रक्तदाब, साखर, तोंड आणि बायकांची वेगळी, सगळं तिथेच होईल, असं त्यांनी सांगितलं. मला बरंच झालं. सासूबाईंचं तोंड डॉक्टरांनी एकदा बघावं, चांगलं दरडावावं, म्हणजे मिश्री सुटेल असा माझा हिशोब होता.

सासूबाई तयार झाल्या, पण एका अटीवर. मीही सगळ्या तपासण्या करून घ्यायच्या. मी म्हटलं, चालेल. मला काय होणार होतं? मी चव्वेचाळीस वर्षांची, रोज सकाळी तासभर चालणारी, तापाचीसुद्धा गोळी क्वचित घेणारी बाई.

शनिवारी आम्ही दोघी गेलो. एका तरुण डॉक्टरबाईंनी टॉर्च लावून सासूबाईंचं तोंड पाहिलं. गालाच्या आतून बोट फिरवलं, जीभ उचलून पाहिली. कुठे चट्टा नाही, जखम नाही. मिश्री सोडा, आज नसलं तरी पुढे होऊ शकतं, असं त्यांनी बजावलं. पण सासूबाईंनी चट्टा नाही एवढंच ऐकलं आणि माझ्याकडे बघून हसल्या.

मग मला पडद्यामागे बोलावलं. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी. तिथे व्हिनेगरसारखं औषध लावतात आणि मिनिटभर थांबून बघतात. दुखलं काही नाही, अवघडल्यासारखं झालं इतकंच. सिस्टरांनी पाहिलं, मग डॉक्टरबाईंना बोलावलं. त्याही वाकून पाहत राहिल्या.

"एका जागी थोडं पांढरं दिसतंय," त्या म्हणाल्या. "हा कॅन्सर आहे असं मी म्हणत नाहीये. पण ठाण्याला जाऊन दुर्बिणीतून तपासून घ्यायला हवं. नक्की जा."

चिठ्ठी घेऊन मी बाहेर आले. सासूबाईंनी विचारलं तर नॉर्मल म्हणून सांगितलं. नवऱ्यालाही तेच. चिठ्ठी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि आज जाऊ, उद्या जाऊ करत तीन आठवडे घालवले. मला काही त्रास नव्हता ना. त्रास नसताना आपण होऊन दुखणं शोधायला कशाला जायचं, असं मी स्वतःला समजावत होते. खरं सांगायचं तर मी घाबरलेले. शाळेत पुस्तकांवर शिक्के मारताना मध्येच हात थांबायचा.

तीन आठवड्यांनी आशाताई पुन्हा आल्या. मी शाळेत होते. त्यांनी दारातच, ताई चिठ्ठी घेऊन ठाण्याला जाऊन आल्या का, एवढंच विचारलं. सासूबाईंना तेवढं पुरलं.

संध्याकाळी मी आले तर त्यांनी चहा केलेला. मला समोर बसवलं, पण रागावल्या नाहीत. त्यांच्या धाकट्या बहिणीबद्दल बोलायला लागल्या. ती तरुणपणी गेली एवढंच मला आजवर माहीत होतं.

"तिच्या अंगावरून जायचं गो," त्या म्हणाल्या. "सासरी सांगितलंन, तर बाईच्या जातीला चालायचंच म्हणाले. मलासुद्धा तिने सांगितलंन. मीपण तेच म्हटलं. डॉक्टरकडे नेली तेव्हा काही उरलं नव्हतं. तुला तर कोणी घरी येऊन विचारतंय. आणि तू चिठ्ठी लपवतेस?"

रात्री जेवताना मी नवऱ्याला सांगितलं. तो ताट बाजूला सारून म्हणाला की तो रजा टाकतो. सासूबाई म्हणाल्या, तू कामावर जा, मी जाते तिच्याबरोबर.

ठाण्याच्या इस्पितळात दुर्बिणीतून पाहिलं, लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवला. त्यानंतरचे दहा दिवस कसे गेले ते आठवायला नको वाटतं. सासूबाई रोज माझ्याआधी उठायच्या आणि डबा भरून ठेवायच्या. त्या दिवसांत मिश्रीवरून मी एक शब्द काढला नाही.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. पेशी बदलायला लागल्या होत्या. तशाच राहिल्या असत्या तर काही वर्षांनी कदाचित झाला असता, असं तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. तेवढा भाग बधिर करून विजेच्या तारेने काढून टाकला आणि त्याच दिवशी घरी पाठवलं. पंधरा मिनिटांचं काम. ज्याला मी तीन आठवडे घाबरून बसले, ते पंधरा मिनिटांत संपलं. काढलेल्या भागाचा रिपोर्टही चांगला आला, तेव्हा सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि थोडी आशाताईंसाठी पुडीत बांधून दिली.

या वर्षी मी पुन्हा ठाण्याला तपासणीला गेले. या वेळी एकटीच. डॉक्टरांनी नीट पाहिलं, कागदावर लिहिलं आणि सगळं स्वच्छ आहे, आता ठरलेल्या वेळी येत राहा, असं सांगितलं. मी तो कागद तिथेच उभी राहून दोनदा वाचला. नवऱ्याला फोन केला, मग घरी केला. सासूबाईंनी जेवलीस का विचारलं. नाही म्हटल्यावर, आधी काहीतरी खा, मग बसमध्ये बस, असं सांगितलं.

मी मिसळ खाल्ली. बस शीळफाट्याला अडकली, नेहमीसारखीच. पुढे ट्रकांची रांग, ड्रायव्हरने इंजिन बंद केलेलं. शेजारची बाई उशीर होतोय म्हणून चुळबुळ करत होती. मला मात्र झोप आली. खिडकीच्या दांडीवर डोकं टेकलं आणि जाग आली तेव्हा आमचा स्टॉप मागे गेला होता.