पाकोळीची गोचीड

माझ्या गादीत ढेकूण आहेत असं कुणी गमतीतसुद्धा म्हटलं, तर मी त्याला आजही सोडत नाही. त्या गादीपायी माझ्या माहेराचं नाक कापलं जायची वेळ आली होती, तेही लग्नाची हळद पुरती उतरायच्या आत.

गादी अण्णांनी दिलेली, म्हणजे माझ्या वडिलांनी. आमचं गाव जळकोटजवळ. आंदणातलं कपाट, भांडी, फ्रीज सगळं दुकानातनं आलं, पण गादीचा कापूस घरच्या रानातला. पहिल्या वेचणीचा पांढराफेक कापूस त्यांनी बाजूला काढला आणि पिंजाऱ्यापुढं ठाण मांडून बसून गादी भरून घेतली. "लेकीला झोप चांगली लागली पायजे," एवढंच म्हणाले. अण्णा बोलायला कंजूष माणूस, त्यांच्या तोंडून हे म्हणजे भाषणच.

सासर कंधारला. मागच्या अंगाची दगडी भिंतीची, पत्र्याची खोली रंगवून आम्हा दोघांना दिलेली. त्या खोलीत झोपायला लागले आणि अंगावर लाल गोल गांधी उठायला लागल्या. रात्री काही कळायचं नाही. सकाळी बघावं तर दंडावर, मानेवर रुपयाएवढे चट्टे, आणि खाज अशी की जीव बेजार. यांच्याही पाठीवर तेच.

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चट्टे बघितले आणि निकाल देऊन टाकला. "ह्या घरात आजवर एक ढेकूण न्हवता. तुझ्या गादीतनं आले."

झालं! गादी अंगणात, कडक उन्हात. तिला काठीनं बडवलं, शिवणी उसवून बघितल्या, औषध मारलं. शेजारणी कुंपणावरनं माना उंच करून बघायला. मी शिवण न् शिवण धुंडाळली, एक ढेकूण सापडला असेल तर शपथ! मग मी गादी सोडून चटईवर झोपले. तरी सकाळी गांधी हजर. म्हटलं, "बघा, आता तर गादी नाही."

"मग चटईत शिरले आसतील," आत्याबाई म्हणाल्या. घ्या! आता काय बोलायचं माणसानं?

पंचमीला अण्णा मला न्यायला येणार होते. त्या दिवशी सकाळी उठून बघते तर गादी गुंडाळून, सुतळीनं आवळून ओसरीत उभी केलेली. "वडलासंगट वापस जाऊ दे," आत्याबाई म्हणाल्या. "त्यांची वस्तू त्यांच्या घरी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डोळ्यांपुढं अण्णा दिसले, गादी खांद्यावर घेऊन कंधारच्या स्टँडवर उभे, आणि लोक विचारतायत, काय हो, लेकीचं आंदण परत का? ते काहीच बोलले नसते. तेच तर मला सहन होणार नव्हतं. अण्णा यायच्या आत खरा चोर सापडला पाहिजे! नांदेडला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकले ते काय नुसतं पदवीचा फोटो काढायला?

हे दुकानावर गेले होते. मी दार लावलं, पदर खोचला आणि पलंग भिंतीपासून ओढला. भिंतीवर बघत बघत वर गेले. पत्रा आणि भिंत जिथं भेटतात तिथं नवं सिमेंट भरलेलं होतं आणि आतल्या बाजूनं त्याचा पोपडा सुटला होता. स्टुलावर चढून केसातली पिन घातली. भुरभुर करत काळ्या लेंड्या खाली पडल्या. उंदराच्या? बोटांत चुरडली तर भुगा झाला, आणि भुग्यात किड्यांच्या पंखांची चमचम. उंदराची लेंडी अशी चमकत नाही. ही तर पाकोळीची! पाकोळी म्हणजे आपलं अंगठ्याएवढं वटवाघूळ, किडे खाणारं.

पिन अजून आत घातली, आणि चपटं, मसुरीच्या डाळीसारखं काहीतरी तळहातावर पडलं. तपकिरी, सुरकुतलेलं. मग दुसरं. तिसरं तर टम्म फुगलेलं! बया माझंच रक्त पिऊन बसली होती, आणि खरं सांगते, मला तिचा मुका घ्यावासा वाटला.

"सापडलं! आत्याबाई, सापडलं!"

आत्याबाई धावत आल्या. "काय झालं गं? इच्चू चावला का?"

मी ते तिन्ही किडे एका वाटीत टाकून पुढं केले आणि मोबाइलचा कॅमेरा मोठा करून धरला. "ढेकणाला पाय सहा. ह्याचे मोजा."

त्या चष्मा सावरून वाकल्या. "चार... सा... आगं आठ हायेत की!" आणि काडीनं तिला ढोसून म्हणाल्या, "आगं, ही तर गोचीड! म्हशीची काढून काढून बोटं झिजली माझी. पर ही म्हशीची न्हाई. तोंड कुठाय हिचं?"

"पोटाखाली. वरनं दिसत नाही. ही पाकोळीची गोचीड आहे, आत्याबाई! भिंतीच्या फटीत राहते आणि पाकोळ्या झोपल्या की त्यांचं रक्त पिते. पाकोळ्या गेल्या की उपाशी पडते. मग जवळ जो निजलेला असेल तो. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली तुम्ही, माझ्या गादीला!"

आता त्या उलटं बोलतील आणि मी ऐकवीन, सगळं ऐकवीन, अशी मी तयारीत. पण आत्याबाई मटकन पलंगावर बसल्या.

"कितीक वर्सं होत्या त्या हितं," त्या हळू म्हणाल्या. "कुणाला कदी चावलं न्हाई. लग्नाच्या आदी मीच मिस्त्री लावून फट बुजवली. म्हणलं, नवी नवरी यायची, पाकोळ्या बघून भेल पोरगी."

मला भीती वाटू नये म्हणून आत्याबाईंनी पाकोळ्या हाकलल्या, आणि त्यांच्या उपाशी गोचिडी माझ्या वाट्याला आल्या! हसावं का रडावं कळेना. दोन्ही एकदमच यायला लागलं.

तेवढ्यात ओसरीतनं अण्णांचा आवाज आला. आम्ही दोघी पळत बाहेर. अण्णा बांधलेल्या गादीपुढं उभे होते, एक हात सुतळीवर. चेहरा पार उतरलेला.

आत्याबाईंनी स्वयंपाकघरातनं विळा आणला, कराकरा सुतळी कापली आणि गादी ओसरीत ऐसपैस पसरली. "बसा इवाई. चांगलं पाय पसरून बसा."

अण्णा अवघडून कडेला टेकले. गादीवरनं हात फिरवला आणि माझ्याकडं बघून विचारलं, "झोप लागती का बाई ह्याच्यावर?"

काय सांगू? मी तोंड उघडलं, पण आत्याबाईंनी मला बोलूच दिलं नाही.

"न्हाई लागली, इवाई. माझ्यामुळं न्हाई लागली. चूक माझ्या भिंतीची, बोल लावला तुमच्या गादीला. पंचमीला घेऊन जा पोरीला, तवर मी भिंत बघून घेते. गादी हितंच ऱ्हाईल, आन् पोरगी लवकर आणून सोडा."