काट्याचा नारळ

तीर्थपुरीत कापसाचं जिनिंग, बियाण्यांचं दुकान आणि पतसंस्था, सगळा कारभार बद्रीनाथ काकांच्या एका घरात. बाहेरच्याला तिथं शिरकाव नाही. अपवाद एकच, जिनिंगचा मॅनेजर सुग्रीव. माणूस भिडस्त; कुणाचा ओला कापूस परत पाठवायचा तर आधी त्याला चहा पाजणारा.

काकांना मुलगा नाही. एकुलती एक शीतल व्यवस्थापन शिकून घरी आली होती. जेवताना तिनं जपानमधल्या बड्या घराण्यांची गोष्ट सांगितली. खाणी, बँका, जहाजं, सगळं एकेका कुटुंबाच्या मुठीत. पण पोरगा नालायक निघाला, की हुशार कारभाऱ्याला जावई करायचं, आपलं आडनाव द्यायचं आणि गादीवर बसवायचं.

"म्हणजे आबा, पोरगाच पाहिजे असं काही न्हाई," ती म्हणाली.

काकांनी गोष्ट मन लावून ऐकली आणि भलतंच टोक धरलं. दुसऱ्या दिवशी सुग्रीवला बोलावलं.

"सोयरिकीत बसतोस. घरजावई हो, आमचं आडनाव लाव. दसऱ्याला काट्याचा नारळ तूच फोड."

हंगामाचा पहिला कापूस वजनकाट्यावर आला, की घरचा धनी नारळ फोडतो आणि मुहूर्ताचा भाव बोलतो. त्या दिवशी नारळ ज्याच्या हातात, तोच मालक.

सुग्रीव हरखला, खोटं कशाला बोला! शीतल त्याला मनातून आवडतही होती. फक्त आडनाव घशात अडकत होतं. त्याचा बाप रायभान हसला. "तुझ्या मायनं बी बदललंच की. तिला कुणी इचारलं व्हतं?"

ते ऐकून सुग्रीव चपापला. तडक बियाण्यांच्या दुकानात शीतलकडं गेला.

"तुम्हाला इचारलं का काकांनी?"

"न्हाई," शीतल म्हणाली. "ती गोष्ट मी माझ्यासाठी सांगितल्ती, सुग्रीव."

दसऱ्याला पहिला ट्रॅक्टर काट्यावर चढला. काकांनी सुग्रीवच्या हातात नारळ दिला. त्यानं तो कपाळाला लावला आणि शीतलपुढं धरला.

"शीतलताई, तुम्ही फोडा."

ताई! गावादेखत तो शब्द गेला आणि सोयरीक तिथंच मिटली. त्याला फार वाईट वाटलं. नोकरीही जाईल असं वाटलं.

"बाईमाणूस नारळ फोडतंय व्हय?" गर्दीत कुणीतरी पुटपुटलं.

शीतलनं दुसऱ्या घावात फोडला. काका लालबुंद होऊन सुग्रीवकडं बघत राहिले. मग उपरणं सावरत लेकीकडं वळले.

"बोल," ते म्हणाले. "भाव बोल. लोक थांबलेत."