काळा पडदा, पांढरी अक्षरं

चाकणच्या एका कंपनीत मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. सोबतीला गणेश, लातूरकडचा. आमच्या खोलीत किस्से गोळा करावे लागत नाहीत, बंद पडलेल्या मशीनबरोबर आपोआप येतात! माणूस मशीन टेबलावर ठेवतो आणि एकच विचारतो, "मेलं तर मेलं, पण आतलं मिळेल ना?" मग मी काळ्या पडद्यावर कमांड टाइप करते आणि पांढरी अक्षरं हळूहळू वर सरकायला लागतात. ती बघताना माझी तंद्री लागते. गणेश म्हणतो, "मॅडम, तुम्ही दुरुस्त करताय का झोपताय?" खरं सांगू? कधी कधी मलाही कळत नाही.

*

स्टोअरमधल्या दत्ताभाऊंचा फोन आला. कॉम्प्युटर सुरूच होत नव्हता.

"स्क्रीनवर काय दिसतंय?" मी विचारलं.

"काय न्हाई."

"नीट बघा, काहीतरी असेल."

खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मीच दिसतोय, मॅडम. दाढी करायला पायजे!"

मी पोचले, तेव्हा ते अजून स्वतःकडेच बघत बसले होते.

*

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या मशीनची पूजा होते. पॅकिंगच्या कॉम्प्युटरलाही हळद-कुंकू, हार, शिवाय आरती लावायला पेन ड्राइव्ह. सुट्टीनंतर तो चालूच होईना. नुसता काळा पडदा आणि 'सिस्टिम सापडत नाही' अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ. मी कमांड द्यायला बसले, तर वाळलेल्या झेंडूखाली पेन ड्राइव्ह तसाच! मशीन विंडोज सोडून त्याच्यातच सिस्टिम शोधत होतं. तो काढला आणि सगळं सुरळीत झालं.

गणेशनं हात जोडले. "आरतीवर चालू व्हायला बघत होतं बिचारं. श्रद्धा असावी तर अशी!"

*

एका मॅनेजरसाहेबांचा लॅपटॉप असाच गेला. मी कमांड दिली, हरवलेलं विंडोज सापडलं आणि मशीननं विचारलं, सुरू करायच्या यादीत घेऊ का, हो की नाही? मी बोट 'वाय'वर नेलं.

"थांबा!" साहेब ओरडले. "असं परस्पर हो म्हणायचं नाही. आधी मेल टाका, मी अप्रूव्ह करतो."

"सर, तुमची मेल याच्यावरच येते."

साहेबांनी एकदा लॅपटॉपकडे, एकदा माझ्या बोटाकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं. या वेळी तोंडी अप्रूव्ह."

*

एकदा दत्ताभाऊ घरचा कॉम्प्युटर पोत्यात गुंडाळून घेऊन आले. सोबत त्यांचे वडील, आबा. त्यांचं शेत होतं तिथे आता गोदामं उभी आहेत.

"शेत जायच्या आधीचे फोटो याच्यातच हायेत," दत्ताभाऊ हळूच म्हणाले. "दुसरीकडं कुठंच न्हाईत. आबा रोज मागत्यात. गेले, तर काय सांगू त्यांना?"

मला भीती वाटली. डिस्क कुरकुरत होती. दुरुस्तीची कमांड दिली आणि तिनं मानच टाकली तर? म्हणून आधी फोटो बाहेर काढायचे ठरवले. काळ्या पडद्यावर फोल्डर शोधला, कॉपीची कमांड दिली. एकेक नाव वर सरकू लागलं. मध्येच अडायचं, पुन्हा सरकायचं. दत्ताभाऊंनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. आबा मात्र शांतपणे त्या अक्षरांकडे बघत होते. फरशीवर दुपारचं ऊन आलं होतं, लांबून कंटेनरचे आवाज येत होते, आणि मला वाटलं, आपण सगळेच या खोलीतून हळूहळू कुठेतरी निघालोय.

शेवटचं नाव आलं. एकही फोटो राहिला नव्हता! मी पहिला माझ्या मशीनवर उघडला. कांद्याचं हिरवंगार रान, वाफ्यात पाणी, मागे डोंगर. दत्ताभाऊंचे डोळे भरून आले. माझेही.

आबांनी चष्मा सारखा केला आणि स्क्रीनजवळ वाकले.

"दत्ता, वाफा भरलाय की रं," ते म्हणाले. "बांध फुटंल आता."

आणि चपला तिथंच काढून, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, ते लगबगीनं बाहेर पडले.