मान हलवू नका!

आमच्या नागपुरात जोवर लोक गाड्या चालवून राहिले आहेत, तोवर माझ्याकडे किस्स्यांचा तुटवडा पडायचा नाही. मी रेडिओलॉजिस्ट. कोणी जिन्यावरून पडतो, कोणी टेम्पोवर आदळतो. मानेला मार लागल्याची शंका आली की स्ट्रेचर थेट माझ्या सीटी स्कॅनच्या खोलीत. मानेचा मणका मोडलेला असला आणि मान हलली, तर हातपाय कायमचे जाऊ शकतात. म्हणून दिवसभर माझं आणि आमच्या टेक्निशियनचं, प्रमोदचं, एकच पालुपद: "मान हलवू नका!"

आणि दिवसभर सगळे हलवतात.

* * *

खापरखेड्याचा एक जण शिडीवरून पडला. मित्रांनी त्याला चक्क मोटरसायकलवर आणला! मी भडकलेच. "असा आणतात का पेशंटला?"

मित्र शांतपणे म्हणाला, "मॅडम, हलवाचं नाही हे आमाले माहीत आहे. मोबाईलवर पाह्यलं न! म्हणून तर मधात बसवला अन् दोघांनी दोन्हीकडून दाबून धरला."

"आणि डोकं?"

"ते हलून राह्यलं होतं थोडंसं."

नशीब त्याचं! सीटी स्वच्छ निघाला.

* * *

इतवारीतले एक भांड्यांचे व्यापारी दुकानाच्या माळ्यावरून पडले. कॅज्युअल्टीत त्यांच्या मानेला कॉलर घातली होती. माझ्यापर्यंत येईस्तोवर ती कॉलर बायकोच्या हातात!

"कॉलर काहून काढली?"

"मॅडम, कॉलर घालून खर्रा थुकता येत नाही!" शेटजी स्ट्रेचरवरूनच बोलले.

"म्हणजे आत्ता तोंडात तंबाखू आहे?"

शेटजींनी जोरजोरात मान हलवून 'नाही' म्हटलं.

प्रमोदने डोळे मिटून घेतले.

* * *

आमचे हाडांचे डॉक्टर, गिरीशसर, एक्सरेचे मोठे भक्त. सीटी म्हणजे नव्या लोकांचे नखरे, असं त्यांचं ठाम मत! एकदा एक दणकट पहिलवान ट्रॅक्टरवरून पडून आला. एक्सरेत खांदे आड आले आणि मानेचा शेवटचा, सातवा मणका दिसेचना. मी सरांना फोन केला.

"जेवढे दिसतात तेवढे नॉर्मल आहेत ना?"

"आहेत सर, पण..."

"मग नॉर्मल लिही ना! काहून डोकं खाऊन राह्यली?"

मी सीटी केला. सातवाच मोडला होता. पुन्हा फोन केला. सर म्हणाले,

"पाह्य, मी म्हटलंच होतं. वरचे सहा नॉर्मल आहेत!"

* * *

सदरमध्ये स्कूटर घसरून एकाची मान आखडली. मेव्हणा मदतीला धावला. हनुवटी धरली, दिला झटका, आणि वर मलाच सांगत होता, "मॅडम, कट्टकन आवाज आला. मोकळी झाली!"

मी त्याला स्क्रीनवर मोडलेलं हाड दाखवलं. त्याने वाकून पाहिलं. मग बाहेर बसलेल्या बहिणीकडे एक नजर टाकून हळूच विचारलं, "मॅडम, हे झटक्याच्या आधीचं हाये का नंतरचं?"

* * *

आणि हा एक. एका पुढाऱ्याची गाडी डिव्हायडरवर चढली. साहेब मागच्या सीटवर होते. कार्यकर्त्यांच्या घोळक्यासह आत आले ते ओरडतच, "माझा फुल बॉडी एमआरआय करा!"

दुखतंय का, मुंग्या येतात का, मी सगळं विचारलं. मान दाबून पाहिली. काही नाही. वळवून दाखवा म्हणायचीही गरज नव्हती. डावीकडे वळून ते कार्यकर्त्यांना झापत होते, उजवीकडे वळून ड्रायव्हरला.

"साहेब, तुमची मान ठणठणीत आहे. फोटोची गरज नाही."

"असं कसं? मी कोण आहे माहीत आहे का तुमाले?"

तेवढ्यात माझं लक्ष ड्रायव्हरकडे गेलं. तो दारात उभा होता, दोन्ही तळव्यांनी स्वतःचं डोकं धरून.

"दादा, तुम्हाला काय झालं?"

"काही नाही मॅडम. हात सोडला की मुंडकं खाली पडते, असं वाटून राह्यलं."

त्याला आहे तिथेच आडवा केला, कॉलर घातली, मशीनमध्ये घेतला. मानेचा दुसरा मणका आरपार मोडला होता. मी दारात येऊन साहेबांना सांगितलं, "तुमच्या ड्रायव्हरची मान मोडली आहे. जरासुद्धा हलला तर जीव जाईल."

साहेबांचा चेहरा उतरला.

"मग आता मले घरी कोण नेईन?"

आणि माझ्या मागून, मशीनमधून, आवाज आला, "थांबा साहेब, काढतो गाडी!"