शकूमावशींचा अभिप्राय

शकूमावशी गेल्याचं कळलं तेव्हा मी आमच्या सिनेमा मंडळाच्या पुढच्या खेळाची सूचना टाइप करत होतो. त्यांच्या मुलीचा, वंदनाचा, फोन आला. "अरुणदादा, आई गेली. चहा प्यायली आणि खुर्चीतच..." येतो म्हणालो आणि फोन ठेवला. त्यानंतर मनात पहिला विचार जो आला, तो लिहायला लाज वाटते. दुसऱ्या दिवशी शनिवार होता आणि मी मावशींकडे जायचं कबूल केलं होतं. आता जावं लागणार नाही, असं क्षणभर वाटून गेलं. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. तो क्षण काही जात नाही.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत मावशी तळमजल्यावर राहायच्या. माझ्या आईची मैत्रीण, मूळच्या साताऱ्याकडच्या. त्यांचे यजमान पायदळात हवालदार होते. निवृत्त होऊन मुंबईत आले, भांडुपच्या एका कारखान्यात सिक्युरिटीला लागले आणि नऊ वर्षांपूर्वी वारले. जिन्यात भेटले की मान हलवायचे, बस. मी बँकेतून रिटायर झाल्यावर सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्याला एक जुना सिनेमा दाखवायला लागलो. सिनेमानंतर चर्चा, आणि मग मी एक दोन पानी पत्रक काढायचो. त्यात 'प्रेक्षक म्हणतात' असं एक सदर असायचं. मावशी प्रत्येक खेळाला यायच्या. काही कळो न कळो, शेवटपर्यंत बसायच्या.

गेल्या वर्षी मी एक जुना इंग्रजी युद्धपट लावला. कृष्णधवल. पायदळाची एक तुकडी टेकडीवर अडकून पडलेली, आणि दोन तास ती माणसं खंदकात बसून नुसती बोलत असतात. गोळीबार असेल जेमतेम दहा मिनिटं. माझा फार लाडका सिनेमा, जवळजवळ पाठच होता म्हणा ना. चर्चेत मात्र त्याची पार वाट लागली. कुणी म्हणालं, लढाईच नाही तर युद्धपट कसला. एक मुलगी म्हणाली, डोळे मिटून ऐकला तरी चालला असता. दुसऱ्या मजल्यावरचे इंजिनियर म्हणाले, अर्धा कापला तर बरा होईल. मी चिडलोच होतो. संवाद हीच इथली लढाई आहे वगैरे मी समजावत असताना मावशी उठून उभ्या राहिल्या. एरवी त्या कधी बोलायच्या नाहीत. म्हणाल्या, "मला विंग्रजी येत नाही. पण एवढं काय बोलत होती रं ती माणसं? आमचे हे तर कधी बोललेच नाहीत."

हॉल हसला. आणि मी, ज्याला निदान तेव्हा तरी गप्प बसता आलं असतं, म्हणालो, "मावशी, काकांना डायलॉग लिहून देणारा कुणी भेटला नसेल." सगळे आणखी हसले. मावशीही हसल्या आणि पदर सावरून खाली बसल्या. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पत्रकात मी शेवटी चौकट टाकली, 'सैनिक फार बोलतात: एक आजी'. सोसायटीच्या ग्रुपवर त्या चौकटीने झकास करमणूक झाली.

आठवड्याने मावशी आमच्याकडे आल्या. त्या रागावल्या असतील म्हणून मी आधीच ओशाळलो होतो, पण त्यांनी पत्रकाचा विषयसुद्धा काढला नाही. म्हणाल्या, "अरुण, मला तो शिनिमा परत बघायचाय. तू शेजारी बसून कोण काय म्हणतंय ते मराठीत सांगशील का?" मग थांबून थांबून एक गोष्ट सांगितली. काकांच्या पलटणीतला एक दोस्त वर्षातून एकदा गावाहून यायचा. दोघं गॅलरीत बसून तास तास हळू आवाजात बोलायचे. मावशी चहा घेऊन गेल्या की गप्प व्हायचे. "चहा ठेवून मी आत यायचे आणि भिंतीला लागून उभी राहायचे. आवाज यायचा, पण शब्द नाही... त्या शिनिमात तसंच वाटलं बघ. आवाज येतोय नि शब्द नाही."

मी म्हणालो, येत्या शनिवारी नक्की. त्या शनिवारी काहीतरी निघालं. नंतरच्या शनिवारी जुहूला एका मित्राकडे बोलावणं होतं. एकदा तर मी घरातच होतो, नुसता कंटाळा केला. अधूनमधून जिन्यात भेटायच्या. "सवडीनं ये रे, घाई नाही," म्हणायच्या. शेवटी मी सिनेमा पेन ड्राइव्हवर घालून त्यांना दिला, तोवर बघत बसा म्हणून. असे सात महिने गेले.

मावशींच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाल्यावर पाहुणे पांगले आणि वंदनाने मला थांबवून घेतलं. "दादा, तुझा सिनेमा आई दर शनिवारी दुपारी लावायची. शनिवारी कुठे जायचीच नाही, तू येशील म्हणून." ती सांगत राहिली. पहिल्या दोन-तीन वेळा मावशींनी नुसता पाहिला. मग एके दिवशी टीव्हीचा आवाज बंद केला आणि स्वतःच बोलायला लागल्या. एकेका सैनिकाचं, त्याच्या तोंडाकडे बघून, आपल्या बोलीत. वंदनाला आधी हसू यायचं, मग ती स्वयंपाकघरातून ऐकत राहायची.

तिने टीव्ही लावला. आवाज शून्यावरच होता. मी रिमोट उचलला तर ती म्हणाली, "राहू दे ना." आम्ही दोघं तसेच बघत बसलो. अर्ध्या तासाने तो प्रसंग आला. उंच, गालफडं बसलेला एक शिपाई बूट काढतो आणि शेजाऱ्याशी बराच वेळ बोलतो.

"आईच्या लेखी हा म्हणजे आमचे बाबा," वंदना म्हणाली. "याच्यापाशी ती थांबवायची. हा म्हणतो, घरी गेलो की ती चहा घेऊन येते, माझ्याकडं बघत उभी राहते. लई वाटतं सांगावं. पण कुठनं सुरू करू कळत नाही, मग मी चहा पितो."

पडद्यावर शिपायाचे ओठ हलत होते. वंदनाने विचारलं, "खरं काय म्हणतोय तो?"

तो मोज्यांबद्दल बोलतो. मोजे वाळत नाहीत, पाय कुजलेत, नवी जोडी कधी मिळणार, एवढंच. मला प्रत्येक वाक्य पाठ होतं. यातल्या कुठल्याही एका शनिवारी येऊन मी ते मावशींना सांगू शकलो असतो आणि त्या काय म्हणतात ते ऐकू शकलो असतो.

"मोज्यांबद्दल बोलतोय," मी म्हणालो.

वंदनाने मान हलवली. पुढे मी काही सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. ती मधूनच आईची वाक्यं म्हणत राहिली, आठवतील तेवढी, आणि मी तो सिनेमा शेवटपर्यंत ऐकला.