मेश्राम आणि माझा फायटर

खेळ संपला की मिलिंद मेश्राम कोणाला लगेच जाऊ द्यायचा नाही. चहाचे कप गोळा करता करता प्रत्येकाला विचारायचा, "आज तुमच्यामुळे काय झालं?" आणि उत्तर मिळेपर्यंत दारात उभा राहायचा. बायकोचा फोन वाजतोय, सोमवारचं ऑफिस मानगुटीवर बसलंय, आणि हा बाबा शांतपणे वाट बघतोय. पहिल्या दिवशी मला वाटलं, काय वैताग आहे.

इथे अमेरिकेत, कॅरी गावात, तो आमच्यापासून दहा मिनिटांवर राहायचा. मूळचा नागपूरचा. एका औषध कंपनीत स्टॅटिस्टिशियन होता, म्हणजे नव्या औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासायचा. रविवारी दुपारी त्याच्या डायनिंग टेबलावर आमचा खेळ चालायचा. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कोणी तलवारवाला फायटर, कोणी मंत्र टाकणारा विझर्ड. मेश्राम गोष्ट सांगणार, राक्षस उभे करणार. आपल्या पात्राने काय करायचं ते आपण ठरवणार. जमलं की नाही ते फासा सांगणार. स्वतःचे फासे आणि कुठल्या राक्षसात किती जीव, म्हणजे किती पॉइंट उरले त्याचा हिशेब मेश्राम पुठ्ठ्याच्या आडोशामागे ठेवायचा.

पन्नाशीला टेकलेल्या माणसाने हे काय आरंभलंय, असं बायको म्हणायची. खरं सांगायचं तर मी थकलो होतो. वीस वर्षं जी सिस्टीम मी सांभाळली, ती बंद करून ऑफिसने नवीन आणली होती, आणि मीटिंगला मला बोलवायचे ते केवळ सवयीने. आठवड्यातले तीन तास तरी कुठेतरी आपला उपयोग व्हावा, एवढीच माझी इच्छा होती. म्हणून फायटर घेतला. ढाल, तलवार, डोक्याला ताप नाही.

विझर्ड होता अनिकेत. इथेच जन्मलेला, वकील, पंचविशी ओलांडलेला. त्याला मराठी सगळं कळायचं, पण बोलायचा इंग्रजी. सुरुवातीला त्याचा विझर्ड एका फटक्यात आडवा व्हायचा आणि मी त्याला पाठीशी घालायचो. पण जशा लेव्हल वाढल्या तसं पारडं फिरलं. तो एका मंत्रात नदीला पूर आणायचा, किल्ल्याची भिंत उडवायचा. माझी पाळी येईपर्यंत लढाई संपलेली असायची आणि मी आपला, लग्नात सगळ्यांच्या पर्सा सांभाळायला बसवलेल्या मावशीसारखा, तलवार धरून बसलेला. खेळाच्या नियमांतच ती खोट होती, त्यात अनिकेतचा काही दोष नव्हता. असे तीन महिने गेले. मग एका रविवारी दारात मेश्रामने विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं, "माझ्यामुळे काही झालं नाही. आणि पुढच्या वेळेपासून मी येत नाहीये."

त्याने हातातले कप खाली ठेवले. मग म्हणाला, "अजून एक रविवार या, भाऊ."

त्या रविवारी एक दगडी राक्षस आला. अनिकेतच्या मंत्राने तो नुसता डगमगला. माझी पाळी आली, फासा पडला, वार लागला. मेश्रामने आडोशामागे मान खाली घातली, पेन्सिलीने काहीतरी केलं आणि म्हणाला, "पडला. मेला." काय सांगू, मी खुर्चीतून उठलोच. घरी जाऊन बायकोला जेवताना सगळं हातवारे करून दाखवलं. ती म्हणाली, किती महिन्यांनी तुला असा हसताना बघतेय. खेळ सोडायचा विचार मी सोडून दिला.

तीन आठवड्यांनी मेश्राम मला इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये भेटला. माझी तांदळाची गोणी त्याने गाडीत टाकली आणि तिथेच उभा राहिला.

"त्या राक्षसाचे सतरा पॉइंट उरले होते, भाऊ," तो म्हणाला. "तुमचा वार लागल्यावर मी खोडले."

मी हसण्यावारी न्यायला बघितलं. खेळच तर आहे, असं म्हणालो. तो हसला नाही. म्हणाला, ऑफिसात निकाल समोर आल्यावर मी आकड्याला हात लावला तर मला त्याच दिवशी हाकलतील, आणि हाकलायलाच पाहिजे.

"आयुष्यभर लोक मला म्हणत आले, तुला दिलं म्हणून तू इथवर आलास. पहिला आलो तरी तेच. अन् मी काय केलं? तुम्हाला न विचारता तुमच्या ताटात वाढलं. मला तीन आठवडे झोप नाही."

मला राग आला. चांगलाच आला. त्या एका वारावर मी तीन आठवडे काढले होते, आणि तो वार माझा नव्हताच. पण त्याचं ते वाक्य, तुला दिलं म्हणून तू आलास, हे कॉलेजात असताना मीही बोललो होतो, माझ्या रूममेटबद्दल, त्याच्या माघारी, सगळ्यांबरोबर हसत. ते आठवल्यावर रागाचं काय करायचं ते कळेना. शेवटी मी विचारलं, मग आता काय करणार?

"दया नाही करायची," तो म्हणाला. "नियम बदलायचा. अन् सगळ्यांच्या देखत."

पुढच्या रविवारी टेबलावर पुठ्ठा नव्हता. प्रत्येकासमोर एक छापील कागद होता. मोठा मंत्र आता लगेच लागणार नव्हता, तो पूर्ण व्हायला एक फेरी जाणार होती. तेवढ्यात विझर्डला फटका बसला तर मंत्र मोडणार. आणि फायटर एका जागी पाय रोवून उभा राहिला तर त्याला पाडल्याशिवाय कोणाला त्याच्या पुढे जाता येणार नाही. अनिकेत भडकला. म्हणाला, हे अनफेअर आहे, तुम्ही मला वीक करताय. मेश्राम म्हणाला, "तुझा एकही मंत्र काढला नाही, बेटा. तो पुरा होईपर्यंत तुझ्यासमोर कोणीतरी उभं पाहिजे, एवढंच." मग दोन तास वाद झाला. अनिकेतने वकिलासारखी दोन कलमं बदलून घेतली. त्या दिवशी एकही फासा पडला नाही, पण त्यानंतरचे चार महिने आमचे सगळ्यात चांगले गेले. एकदा तर अनिकेतने मला फोन करून विचारलं, काका, संडेला येताय ना, तुमच्याशिवाय मी मरेन.

मग मेश्रामचं डिपार्टमेंट बंद झालं. व्हिसावरच्या माणसाला नोकरी गेल्यावर दुसरी शोधायला साठ दिवस मिळतात, नाहीतर परत जायचं. त्याने सगळीकडे अर्ज केले. इंटरव्ह्यू देऊन देऊन त्याचा आवाज बसला. मी माझ्या ऑफिसात शब्द टाकू का, असं विचारलं, तर म्हणाला, टाका, पण मला सांगून टाका. मी टाकला. काही झालं नाही. माझ्या शब्दाला तिथे आता किंमत उरली नव्हती, हे मी त्याला सांगितलं, आणि त्याने नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

शेवटच्या रविवारी घरात टेबल आणि खुर्च्या तेवढ्या राहिल्या होत्या. गुरुवारचं विमान होतं. गोष्टीत आम्ही एका पुलापाशी अडकलो होतो, मागे गावातली माणसं, समोर सगळी फौज. अनिकेतने पूल उडवायचा मंत्र सुरू केला आणि मी पुलावर पाय रोवले. मंत्र पूर्ण होईपर्यंत मला टिकायचं होतं. टिकलो. पूल उडता उडता एक शेवटचा भाला आला. मेश्रामने सगळ्यांसमोर फासा टाकला. वीस. त्याहून मोठा आकडा त्या फाशावर नसतो.

गाव वाचलं. माझा फायटर मेला.

अनिकेत मेश्रामला मराठीत म्हणाला, "काका, लास्ट डे आहे. चेंज करा ना. कोणाला काय फरक पडतो?"

मेश्रामने पेन्सिल खाली ठेवली. तो माझ्याकडे बघत राहिला. या वेळी तो मला विचारत होता. खोटं कशाला बोलू, वाचव असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. दोन वर्षं त्या फायटरला घेऊन मी त्या टेबलाशी बसलो होतो, आणि गुरुवारनंतर टेबलही नव्हतं.

"राहू दे, मिलिंद," मी म्हणालो. "वाचवलास तर तो तुझा. मेला तर माझा."

त्याने मान हलवली. पेन्सिल घेऊन माझ्या फायटरच्या नावापुढे शून्य लिहिलं, आणि मला नीट दिसावं म्हणून कागद माझ्याकडे फिरवला.