ऐकवल्यावाचून छापायचे नाही

भास्कररावांची आणि माझी पहिली भेट मतभेदाने सुरू झाली. अमेरिकेतील एका मोठ्या प्रकाशनसंस्थेत उमेदीची वर्षे घालवून, उपाध्यक्षपदावरून निवृत्त होऊन ते पाटोद्याला परतले होते. आता त्यांना मराठी पुस्तके काढायची होती. तर्कशास्त्राच्या अध्यापनातून मी नुकताच मोकळा झालो होतो. संपादनासाठी त्यांनी मला बोलावले. त्यांची अट एकच होती: पुस्तक ज्यांच्याविषयी आहे, त्यांना ते त्यांच्या गावात वाचून दाखवल्यावाचून छापायचे नाही. तिकडे हस्तलिखित वकील तपासत. परंतु वकील फक्त खटल्याची भीती पाहतो, असे त्यांचे म्हणणे होते. आरोपीची संमती हा पुरावा नव्हे, असा आक्षेप मी घेतला. ते म्हणाले, "संमती कोण मागतंय, सर? ऐकवायचं आहे."

या नियमाची कसोटी गयाबाईंच्या आत्मकथनाने पाहिली. गयाबाई दिंद्रुडच्या, ऊसतोड कामगार. उसाच्या फडातच त्या बाळंत झाल्या आणि मुकादमांनी तिसऱ्या दिवशी मोळ्या उचलायला लावल्या, असे त्यांनी नावानिशी लिहिले होते. तेच मुकादम अजूनही टोळी नेत होते. ते बिथरले असते तर गयाबाईंचे आणि त्यांच्या पतीचे पुढच्या हंगामाचे काम गेले असते. वाचन टाळावे, असे मी भास्कररावांना लेखी कळवले. त्यांनी माझे पत्र गयाबाईंना वाचून दाखवले आणि निर्णय त्यांच्यावर सोपवला. वाचा, एवढेच त्या म्हणाल्या.

शाळेच्या पडवीत वाचन झाले. ते पान आले आणि मुकादम उभे राहिले. त्यांच्यामागे टोळीतली चार-पाच माणसे उठली. भास्करराव थांबले, हातातले पान मात्र त्यांनी खाली ठेवले नाही.

"ह्यात चूक हाय," मुकादम म्हणाले. "तिसऱ्या न्हाई, दुसऱ्या दिवशी. मीच उठवलं व्हतं. लिवायचं तर खरं लिवा."

गयाबाई बसल्या जागेवरून बोलल्या, "मी दुसराच लिवला व्हता, दादा. छापणाऱ्यांना पटंना, म्हून एक दिवस वाढवला."

भास्करराव म्हणाले, "चूक माझी."

चूक त्यांची नव्हती. पहिल्या हस्तलिखिताच्या समासात 'दुसऱ्या दिवशी हे संभवत नाही' अशी टीप मी लिहिली होती आणि सुधारलेली प्रत पाहून माझे समाधानही झाले होते. जे आपल्याला संभवनीय वाटत नाही ते घडलेच नाही, हा तर्कदोष मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत लाल शाईने दाखवत आलो होतो.

परतताना आम्ही चहाला थांबलो, तेव्हा भास्करराव एवढेच म्हणाले, "तिकडे अशा कितीतरी टिपा मी लिहिल्या असतील. चूक म्हणायला समोर कोणी नव्हतं."

पान 'दुसऱ्या दिवशी' असेच छापले गेले. पुढच्या हंगामात गयाबाई त्याच टोळीतून गेल्या. मुकादमांनी त्यांच्याशी बोलणे टाकले. काम मात्र नाकारले नाही.

ती टीप कोणाची, हे भास्कररावांनी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्तच्या या ग्रंथासाठी लिहिलेला हा लेख त्यांच्याच नियमानुसार मी त्यांना वाचून दाखवला. टिपेचा परिच्छेद गाळा, असे त्यांनी सुचवले. त्यात खोटे काय आहे, असे मी विचारले. परिच्छेद ठेवला आहे.

त्यांना निरामय दीर्घायुष्य लाभो. त्यांच्या आवाजात आणखी पुष्कळ हस्तलिखिते गावोगाव वाचली जावोत. आणि दर वेळी 'ह्यात चूक हाय' म्हणायला कोणीतरी उभे राहो.